शरद सरला, थंडी अजून आली नाही: खिडकी उघडी ठेवायची की बंद?

गारठलेला_गृहस्थ (धागाकर्ता)

मंडळी,

पानगळ संपत आली. झाडांवर उरलेली चार पाने कुणाची वाट बघत लटकली आहेत, कळत नाही. ऊन म्हणावे असे नाहीच, जे आहे ते दुपारी तीनला गाशा गुंडाळते. पाऊसही धड पडत नाही, नुसता भुरभुरतो. तापमान पाचाच्या आसपास, म्हणजे बर्फाची मजा नाही आणि उबेचे नावही नाही. मला विचाराल तर भर हिवाळ्यापेक्षा हे तीन-चार आठवडे जास्त छळतात.

तर मुद्दा. दर वर्षी याच दिवसांत आमच्या झोपायच्या खोलीची काच सकाळी आतून घामेजलेली असते. खालच्या चौकटीत पाणी साठते, कपाटामागच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात. मी म्हणतो, बाहेर एवढे दमट धुके, खिडकी उघडली तर ओल आतच येणार. तेव्हा फटी बुजवा आणि सगळे बंद ठेवा. बायको म्हणते, उघड. वादाचा हा पाचवा हंगाम.

शिवाय थंडीची बाकीची तयारी तुम्ही कधी सुरू करता, तारीख बघून की नाक गळायला लागल्यावर, तेही लिहा.

सुस्त_अस्वल

तयारी कसली? मी पांघरुणात शिरतो, थेट वसंतात बाहेर येतो. बाकी वहिनींना अनुमोदन. कारण विचारू नये.

शब्दवेडी

शीर्षकातच घोळ आहे. आपल्या ऋतुचक्रात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, हेमंत मार्गशीर्ष-पौष आणि शिशिर माघ-फाल्गुन. मराठी कवितेतली पानगळ शिशिरातली. तुमच्याकडे पाने शरदातच गळून मोकळी झाली! सहा ऋतूंचा कपडा चार ऋतूंच्या अंगावर बेतला की बाही आखूड होणारच.

गारठलेला_गृहस्थ

ताई, बाही आखूड आहे म्हणूनच मनगटे गारठताहेत. खिडकीचे सांगा.

दक्षिणायन

आम्ही विषुववृत्ताच्या खालचे. आमच्याकडे ही रडकथा मे महिन्यात. धागा जपून ठेवतो आणि तेव्हा वर काढतो. तोपर्यंत तुम्ही कुढा, मी टोपी घालून उन्हात बसतो.

मेकॅनिक_तात्या

मी तारीख बघत नाही. सकाळचे तापमान सलग आठवडाभर ७ अंशांच्या खाली राहिले की टायर बदलतो. उन्हाळी टायरचे रबर त्या सुमारास कडक होऊ लागते आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. बर्फ पडेपर्यंत थांबणारे लोक असतात, त्यांच्यामुळे माझा धंदा चालतो, म्हणून त्यांना नावे ठेवत नाही.

टायरची हवा तपासा, तीही गाडी रात्रभर उभी असताना. दर १० अंश उताराला साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) कमी होते. म्हणजे तापमान तिशीत असताना भरलेली हवा आता तीन-चार पीएसआयने उतरलेली असणार. टायर पंक्चर नाही, हवाच आकसली आहे.

मग बॅटरी. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार. उन्हाळ्यात कुरकुरणारी बॅटरी पहिल्या कडाक्यात मान टाकते, कारण ती आजारी आधीपासूनच असते. आणि एक, बॅटरी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ६० लाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरते आणि ते उणे १० च्या आसपास गोठून डबा फोडू शकते.

काच धुवायच्या टाकीतले साधे पाणी काढून टाका. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी विचारले, "तात्या, पाणीच तर आहे, काय होणार?" टाकी, नळी आणि पंप, तिन्ही बदलले.

काचखरवड्या

तात्या, त्यावरून आठवले. काल सकाळी तापमापक ३ अंश दाखवत होता आणि गाडीच्या काचेवर पांढरा थर! मी वीस मिनिटे खरवडत होतो. शेजारची गाडी झाडाखाली होती, तिच्यावर काही नाही. तापमापक खोटा की माझे नशीब?

थंडीवाजते

वारा होता का? वाऱ्यामुळे "जाणवणारे" तापमान उणे असेल, म्हणून गोठले असेल.

ढगवाचक

@थंडीवाजते, असहमत. वाऱ्याने फक्त उष्णता लवकर निघून जाते, कुठलीही वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. "जाणवणारे तापमान" हे उबदार, उघड्या त्वचेसाठी आहे. त्याचे मूळ सायपल आणि पॅसल या संशोधकांनी अंटार्क्टिकात केलेल्या प्रयोगांत, तिथे त्यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यातले पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले होते. गाडीच्या काचेला हुडहुडी भरत नाही.

@काचखरवड्या, तापमापकही खरा आणि नशीबही ठीक. हवामान केंद्रातले तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजतात. निरभ्र, निवांत रात्री जमीन, गवत, गाडीची काच या सगळ्या वस्तू आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतात. हवा ३, काच उणे १. झाडाखालच्या गाडीला आकाशाऐवजी फांद्या दिसत होत्या, त्यांनी तिची उष्णता परत केली. ढगही हेच करतात. म्हणून या दिवसांत ढगाळ रात्र उबदार असते, आणि संध्याकाळी चांदणे स्वच्छ दिसले, वारा पडला की रात्रीच काचेवर कापड टाकून ठेवायचे. वारा असता तर उलट वाचला असतात, वरखालची हवा मिसळत राहिली असती.

काचखरवड्या

म्हणजे चांदणे सुंदर दिसले की समजायचे सकाळी खरवडणे आले. प्रेमात पडल्यासारखेच की.

आणि गरम पाणी ओतले तर?

मेकॅनिक_तात्या

ओता. नव्या काचेची चौकशी माझ्याकडेच करा.

शब्दवेडी

ढगवाचक, मग आपण "दव पडले" म्हणतो ते चूक का? तुमच्या म्हणण्यावरून दव पडत नाही, काचेवरच तयार होते.

ढगवाचक

व्याकरणाने बरोबर, भौतिकशास्त्राने चूक. हा प्रश्न विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या वैद्याला पडला होता. १८१४ मध्ये त्याने दवावर निबंध प्रसिद्ध केला. लोकरीचे सारख्या वजनाचे झुपके रात्री बागेत ठेवायचे आणि नंतर तोलायचे, असा त्याचा उद्योग. एक झुपका उघड्या गवतावर, दुसरा वरून उघड्या असलेल्या भाजक्या मातीच्या नळकांड्यात. दव पावसासारखे वरून पडत असते तर दोन्ही सारखेच भिजायला हवे होते. नळकांड्यातल्या झुपक्याचे वजन जेमतेम वाढले. भिंतीआड असल्याने त्याला आकाश कमी दिसत होते, तो थंडच झाला नाही. दव येते ते थंड झालेल्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेतून.

शब्दवेडी

दंडवत. तरी मी "दव पडले"च म्हणणार. सूर्य तरी कुठे उगवतो?

लोकरीचा_गुंडा

वैद्यबुवांची लोकर वजनात जायची, माझी भोकांत जाते. थंडीची तयारी म्हणून कपाटातून स्वेटर काढले आणि आवडत्याच्या कोपरावर चार भोके. घरात फिरताना दिसतो त्या पतंगावर मी चप्पल घेऊन धावले, पण तो बिचारा काही खात नाही. खाते त्याची अळी, आणि तिलाही नुसत्या लोकरीपेक्षा घामाचे, डागांचे कपडे प्रिय. म्हणजे चूक वसंतातली. "एकदाच तर घातला होता" म्हणत न धुता ठेवलेला स्वेटरच नेमका गेला.

आता वाचलेले सगळे घट्ट पिशव्यांत बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये (उणे १८) ठेवले आहेत. अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. डांबरगोळ्या मी बंद केल्या. वास जात नाही, आणि लहान मूल घरात असेल तर त्या हाताशी नकोतच.

सुस्त_अस्वल

फ्रीझरमध्ये स्वेटर ठेवून थंडीची तयारी! लोकरताई, तुमच्या स्वेटरना घालायला काही देता का?

नळकोंडाळे

माझा धडा सांगतो, कुणाचे तरी भले होईल. बागेतल्या नळाला पाइप तसाच लावून ठेवला होता. "थंडी पडली की काढू." थंडी रात्रीत पडली. वसंतात नळ सोडला तर पाणी बागेत नाही, तळघरात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकलो होतो. नंतर कळले ते असे की नळ बहुतेक वेळा बर्फ जमतो तिथे फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये पाणी कोंडते, बर्फ वाढत जातो तसा त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि सांधा सुटतो. म्हणून बाहेरच्या नळाचे आतले व्हॉल्व्ह बंद करून बाहेरची तोटी उघडी सोडायची. पाइप काढून, निथळवून आत. मी आता हे काम पहिले पिवळे पान दिसले की करतो. बायको हसते. हसू दे.

पानेवाला

पानांवरून. ती नुसती थंडीने झडतात असे नाही. दिवस लहान होताना झाड हरितद्रव्य मोडते आणि पानातला नायट्रोजन परत खोडाकडे ओढून घेते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की दिसू लागतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो. मग देठाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटते. म्हणजे हिवाळ्याची तयारी बघायची तर झाडाकडे बघा, आधी आवराआवर, मग खिडक्या बंद. (धागाकर्त्यांना मुद्दा मिळाला!)

पाने सगळी गोळा करून जाळू नका. पायवाटेवरची आणि पन्हळीतली काढा. ओली पाने निसरडी असतात आणि पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते. बाकीची झुडपांखाली राहू द्या, कीटक, हेजहॉगसारखे काटेरी छोटे प्राणी, बेडूक त्यातच हिवाळा काढतात.

दिवसमोजणी

मला थंडीचे काही वाटत नाही, अंधाराचे वाटते. पाचला संध्याकाळ झाली की दिवसभरात काहीच केले नाही असे वाटायला लागते.

ढगवाचक

@दिवसमोजणी, एक खुशखबर. उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशांवर सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच होऊन जातो. २१ डिसेंबरला सगळ्यांत लहान दिवस, पण संध्याकाळी तोवर लांबायला लागलेल्या असतात. सकाळी मात्र जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आणखी उशिरा उजाडते. गंमत म्हणजे त्याच सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ऋतू अंतराचे नाहीत, २३.४ अंश कललेल्या आसाचे आहेत.

थंडीवाजते

मग खरी थंडी दिवस वाढायला लागल्यावरच का पडते? नेहमी जानेवारीतच हाल.

ढगवाचक

जमीन आणि समुद्र साठवलेली उष्णता खर्च करत असतात. मिळकत डिसेंबरात तळाला जाते, पण मिळकतीपेक्षा खर्च जास्त असेपर्यंत शिल्लक घटतच राहते.

सुस्त_अस्वल

माझ्या बँक खात्याचे अचूक वर्णन.

सकाळची_फेरी

@दिवसमोजणी, हे नुसते "वाटणे" नसते. ऋतूनुसार येणाऱ्या या उदासीचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले, तेव्हापासून त्याला नाव आहे. मी दोन हिवाळे ते काढले आहेत. डॉक्टरांनी सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचे माप) दिव्यासमोर बसायला सांगितले होते. त्याने फरक पडला. पण जास्त फरक पडला तो सकाळी बाहेर पडण्याने. कार्यालयातल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, आणि बाहेर आभाळ कितीही भरलेले असले तरी दिवसा सहसा त्याच्या कित्येक पट. डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. खूपच जड वाटत असेल तर मात्र धाग्यावर न विचारता डॉक्टरांना विचारा.

दिवसमोजणी

धन्यवाद. उद्यापासून. (आज बाहेर भुरभुर आहे. हसू नका.)

धूर_नको

मजेत व्यत्यय आणतोय, पण या धाग्यावर हे हवेच. फटी बुजवण्याआधी घरात काही जळते का ते बघा, शेगडी, गॅसचा गीझर, चिमणी, काहीही. धुराडे हंगामाआधी साफ करून घ्या, त्यात पक्ष्यांची घरटीही सापडतात. कोळशाची शेगडी ऊब म्हणून बंद खोलीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस "थंडीची कणकण" म्हणून झोपतो. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले तर तिथेच थांबा, आत जाऊ नका. गजर देणारा सेन्सर लावा, आणि असेल तर त्याची बॅटरी आज तपासा.

नळकोंडाळे

आत्ता उठून तपासली. बॅटरी नव्हतीच. मुलाने खेळण्यात घातली होती. आभार मानायला शब्द नाहीत.

भिंतीतली_ओल

उशिरा आले. मूळ प्रश्नाकडे कुणी वळलेच नाही म्हणून लिहिते. ओल लागलेली घरे बघणे हेच माझे काम.

"बाहेर दमट" यातच फसगत आहे. धुक्यातली हवा १०० टक्के दमट असते हे खरे, पण थंड हवेत पाणी मावतेच किती? ५ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ७ ग्रॅमच्या आत. तीच हवा खोलीत येऊन २० अंशांना तापली की तिच्यात १७ ग्रॅम मावतात. म्हणजे बाहेरची "१०० टक्के" हवा आत आली की ४० टक्क्यांच्या खाली जाते. कोरडी! तुमच्या खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटरमागे १० ग्रॅम पाणी आहे, आणि १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही जागी ते बाहेर पडणार. तुमची काच, तुमचा कोपरा.

आता तुमच्या बाजूने. बाहेर १५ अंश आणि पाऊस असेल तर बाहेरच्याच हवेत १२-१३ ग्रॅम पाणी असते. तेव्हा खिडकी उघडली तर खरेच ओल आत येते. म्हणजे शरदाच्या सुरुवातीच्या पावसात तुम्ही बरोबर, पाच अंशांना वहिनी बरोबर. तुम्ही दोघे एकाच वादात दोन वेगळ्या महिन्यांबद्दल बोलताय.

कसे उघडायचे तेही महत्त्वाचे. दिवसभर बोटभर फट ठेवू नका, त्याने भिंत थंड होते आणि बुरशी वाढते. पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडा, जमल्यास समोरासमोरच्या दोन. हवा बदलते, भिंतींतली उष्णता तशीच राहते, खोली लगेच पुन्हा तापते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. झोपलेली दोन माणसे रात्रीत श्वास आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात, तेव्हा पहिले उघडणे सकाळी उठल्याउठल्या.

एक विचारते, पाचही वर्षे त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात? तिथे आणखी काही ओले असते का?

गारठलेला_गृहस्थ

काही नाही. नेहमीचेच सामान.

ती_वहिनी

नमस्कार. मी ती बायको. खास या प्रतिसादासाठी सदस्यत्व घेतले.

"नेहमीचेच सामान" म्हणजे कपडे वाळत घालायचा स्टँड. बाहेर भुरभुर सुरू झाली की हे धुतलेले सगळे कपडे झोपायच्या खोलीत, हीटरसमोर, कपाटाला टेकवून वाळत घालतात. खिडकी बंद करून. दार बंद करून. "ऊब बाहेर जायला नको."

सुस्त_अस्वल

मी पांघरुणातून बाहेर आलो आहे. हा धागा वाचायला.

शब्दवेडी

गृहस्थ, बाही आखूड नव्हती, ओली होती.

भिंतीतली_ओल

वहिनी, धन्यवाद, माझे निदान पूर्ण झाले. एका वेळच्या धुण्यात पिळल्यावरही दोनेक लिटर पाणी उरते. ते कुठे जाणार? आधी हवेत, मग कोपऱ्यात. स्टँड न्हाणीघरात, पंखा चालू, दार बंद. आणि एक आर्द्रतामापक घ्या, वादाला तिसरा माणूस मिळेल.

गारठलेला_गृहस्थ

आठवडाभराने परत आलो.

मापक आणला. पहिल्या रात्री स्टँड खोलीत ठेवून मुद्दाम मोजले, ७४ टक्के. स्टँड हलवला, कपाट पुढे ओढले, सकाळी दहा मिनिटे दोन्ही खिडक्या उघडल्या. बाहेर दाट धुके, तापमान ४. मी मापकासमोर बसून होतो. ६६ वरून ४९. धुके आत आलेच नाही, खिडकीतच विरले. आता काचेच्या फक्त खालच्या कडेला थोडे पाणी दिसते. जुने ठिपके पुसले, ते परत येतात का ते बघायचे.

बागेतला पाइप काढला, टायरची हवा भरली (तात्या, तीन पीएसआय कमी होती, नेमकी). स्वेटरला भोके नाहीत, पण ते मी धुतलेलेही नव्हते, हे लोकरताईंना सांगू नका.

एकच वाद उरला आहे. सकाळी साडेसहाला, अंधारात, पांघरुणातून उठून खिडकी उघडायची कुणी?

ती_वहिनी

ज्याने स्टँड ठेवला होता त्याने.

दक्षिणायन

मे महिन्यात हा धागा आमच्या घरी दाखवणार होतो. विचार बदलला. स्टँड माझाच आहे.